गाणी मोबाईलवर फुकट, मग कॉन्सर्टच्या तिकिटासाठी एवढी झुंबड का?

२२ सप्टेंबर २०२४ चा रविवार अनेकांच्या अजून लक्षात असेल. ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश बँडच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची तिकीटविक्री दुपारी बारा वाजता सुरू होणार होती. पण मोबाईल हातात घेऊन बसलेल्यांची संख्या इतकी होती की ‘बुकमायशो’चं संकेतस्थळ आणि ॲप दोन्ही कोलमडलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा स्क्रीनवर रांगेतला क्रमांक दिसू लागला आणि तो लाखांत होता. डी. वाय. पाटील स्टेडियमवर १८ आणि १९ जानेवारी २०२५ असे दोनच कार्यक्रम ठरले होते. मागणी पाहून त्याच दिवशी २१ जानेवारीचा तिसरा जाहीर झाला. तोही हातोहात संपला. एक कोटीहून जास्त लोकांनी तिकिटासाठी प्रयत्न केल्याचं कंपनीने नंतर सांगितलं.

अधिकृत दर २,५०० रुपयांपासून ३५,००० रुपयांपर्यंत होते. पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर मात्र त्याच तिकिटांसाठी लाखांत आकडे सांगितले जात होते.

आता याची दुसरी बाजू बघा. या बँडची सगळी गाणी यूट्यूबवर आहेत, तीही फुकट. अहमदाबादला झालेला २६ जानेवारीचा कार्यक्रम तर हॉटस्टारवर थेट दाखवला गेला. कॅमेरा गायकाच्या चेहऱ्याजवळ, आवाज स्वच्छ, गर्दी नाही, पार्किंगची कटकट नाही, घरचा चहा हातात. तरीही सोफ्यावर बसून तो कार्यक्रम पाहिलेला माणूस ‘मी कोल्डप्लेला गेलो होतो’ असं म्हणणार नाही. आणि त्याच कार्यक्रमासाठी मुंबईहून अहमदाबादला इतके लोक निघाले होते की पश्चिम रेल्वेला खास गाड्या सोडाव्या लागल्या.

घरी बसून मिळत नाही असं तिथे काय मिळतं?

एकट्याने ऐकलेलं गाणं

आधी एक साधी गोष्ट मान्य करायला हवी. निव्वळ ऐकण्याचा विचार केला तर स्टेडियम ही वाईट जागा आहे. मागच्या स्टँडमध्ये आवाज घुमतो, कलाकार बोटाएवढा दिसतो, शेजारचा बेसूर ओरडत असतो. दोन हजारांचे इअरफोन यापेक्षा चांगला आवाज देतात. म्हणजे चाहते पैसे मोजतात ते उत्तम आवाजासाठी नाही.

गेल्या काही वर्षांत गाणं ऐकण्याची पद्धत किती बदलली ते पाहिलं तर उत्तराचा एक धागा सापडतो. रेडिओच्या काळात चाळीत एका घरी ‘विविध भारती’ लागली की चार घरांना ऐकू जायची. गाणं आवडो न आवडो, ते सगळ्यांना पाठ असायचं. कॅसेटच्या काळातही घरात टेपरेकॉर्डर एकच असायचा आणि त्यावरून भांडणं व्हायची. आज विरार लोकलमध्ये शेजारी बसलेला माणूस काय ऐकतोय हे कळायला मार्ग नाही. एकाच घरातल्या बहीण-भावांच्या प्लेलिस्टमध्ये एकही गाणं सारखं नसतं. ॲप प्रत्येकाला त्याच्या आवडीचं हुडकून देतं आणि तसं करताना प्रत्येकाला वेगळं बसवतं.

परिणाम असा की नांदेडच्या किंवा सांगलीच्या एखाद्या मुलीला कोरियन बँडची पन्नास गाणी तोंडपाठ असतात, पण वर्गात त्या बँडचं नाव माहीत असलेलं दुसरं कुणीच नसतं. तिचे ‘आपले लोक’ असतात ते इन्स्टाग्रामवर आणि टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये, टोपणनावांनी. अशा चाहत्याला आपल्यासारखे हजारो जण हाडामांसाचे आहेत हे पहिल्यांदा दिसतं ते कॉन्सर्टच्या फाटकाबाहेर. त्यामुळे अनेकांसाठी कार्यक्रम रांगेतच सुरू होतो. टेलर स्विफ्टच्या ‘एराज टूर’मध्ये मण्यांची ब्रेसलेट बनवून अनोळखी चाहत्यांशी अदलाबदल करण्याची पद्धत पडली, ती यातूनच. त्या ब्रेसलेटची किंमत काहीच नसते. अनोळखी माणसाशी बोलायला मात्र निमित्त मिळतं.

करोनाच्या काळात याची उलट परीक्षाही झाली. जून २०२० मध्ये बीटीएस या कोरियन बँडने ऑनलाइन कॉन्सर्ट केली. एकाच वेळी साडेसात लाखांहून जास्त लोक ती पाहत होते, असं त्यांच्या कंपनीने जाहीर केलं. इतक्या प्रेक्षकांना सामावेल असं स्टेडियम जगात कुठेच नाही. तेव्हा आता हेच भविष्य, असं बोललं गेलं. प्रत्यक्षात बंधनं उठताच लोक स्टेडियमकडे धावले आणि ऑनलाइन कॉन्सर्ट ही जोडीची गोष्ट होऊन राहिली.

शरीरात काय घडतं?

‘अंगावर काटा आला’ हे वाक्य कॉन्सर्टहून परतलेला प्रत्येक जण म्हणतो. त्यामागे काय असतं, याचा शोध घेणारे काही प्रयोग अलीकडे झाले आहेत.

स्वित्झर्लंडच्या झुरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. श्रोत्यांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवलं आणि त्यांना कधी त्याच क्षणी वाजवला जाणारा पियानो ऐकवला, तर कधी ध्वनिमुद्रण. प्रत्यक्ष वादनाच्या वेळी पियानोवादकाला श्रोत्याच्या मेंदूतली हालचाल दिसत होती आणि तो त्याप्रमाणे वादन बदलत होता. भावनांशी संबंधित असलेला मेंदूचा ‘अमिग्डाला’ हा भाग ध्वनिमुद्रणापेक्षा प्रत्यक्ष वादनाला जास्त आणि अधिक सातत्याने प्रतिसाद देताना दिसला. समोरच्या श्रोत्याकडे बघून गवई तान वाढवतो किंवा आवरती घेतो, हे मैफलीला जाणाऱ्यांना स्कॅनरशिवायही माहीत आहे. ध्वनिमुद्रणाला ते जमत नाही, कारण ते समोर कोण आहे हे बघत नाही.

दुसरा प्रयोग श्रोत्यांनी एकमेकांवर केलेल्या परिणामाचा. बर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी बर्लिनमधल्या कार्यक्रमांत १३२ श्रोत्यांच्या अंगाला सेन्सर लावले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ऐकता ऐकता त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांची गती, श्वास आणि त्वचेतले बदल काही प्रमाणात एकमेकांशी जुळत गेले. हा प्रयोग शांत बसून ऐकायच्या पाश्चात्त्य अभिजात संगीताचा होता, स्टेडियममधल्या उड्यांचा नव्हता, हे ध्यानात ठेवायला हवं. पण एकमेकांना न ओळखणारी माणसं गप्प बसूनही एका लयीत येत असतील, तर पन्नास हजार लोक एकच ओळ गात असताना काय होत असेल याची कल्पना करता येते.

सगळ्यात गमतीचा प्रयोग कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा. एका इलेक्ट्रॉनिक संगीताच्या कार्यक्रमात त्यांनी कानाला जवळपास ऐकूच येणार नाही इतक्या खालच्या कंपनाचे स्पीकर अडीच-अडीच मिनिटांनी चालू-बंद केले. नाचणाऱ्यांना याचा पत्ताही नव्हता. स्पीकर चालू असताना त्यांची हालचाल सुमारे १२ टक्क्यांनी वाढली. छातीत घुमणारा तो ‘बास’ मोबाईलच्या स्पीकरमधून येत नाही, आणि इअरफोन फक्त कानाला ऐकवतो. ढोल-ताशा पथकासमोर कधी उभं राहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

सोबत गाणं आणि सोबत नाचणं यांचा आणखी एक परिणाम असतो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांवर केलेल्या प्रयोगात, एका तालात नाचलेल्या मुलांची वेदना सहन करण्याची क्षमता वाढलेली आढळली आणि गटातल्या मुलांविषयी जवळीकही. शरीरात तयार होणारी एंडॉर्फिन ही द्रव्यं यामागे असावीत, असं ते मानतात. चार तास उभं राहून पाय दुखले हे दुसऱ्या दिवशी सकाळीच का कळतं, याचं थोडंफार उत्तर यात आहे.

हे सगळं नवं आहे असंही नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दर्खाइम याने १९१२ मध्येच, माणसं एका जागी जमून एकच कृती करू लागली की त्यांच्यात एक वेगळीच ऊर्जा उसळते, असं मांडलं होतं. तो धार्मिक विधींबद्दल लिहीत होता. अभंगांची ध्वनिमुद्रणं घरोघरी असताना वारीत चालणाऱ्यांची संख्या कमी का होत नाही, हा प्रश्न ज्याला पडत नाही त्याला कॉन्सर्टच्या गर्दीचंही नवल वाटू नये. कधी कधी ही ऊर्जा मोजताही येते. जुलै २०२३ मध्ये सिॲटलला टेलर स्विफ्टच्या दोन कार्यक्रमांच्या वेळी स्टेडियमजवळच्या भूकंपमापकावर २.३ तीव्रतेच्या धक्क्याएवढी कंपनं नोंदली गेली.

मग मोबाईल वर का धरतात?

ज्येष्ठांचा हमखास आक्षेप असतो: एवढे पैसे भरून गेलात आणि अख्खा कार्यक्रम मोबाईलच्या पडद्यातून पाहिलात! आक्षेप अगदीच चुकीचा नाही. संग्रहालयातल्या वस्तूंचे फोटो काढणाऱ्यांना त्या वस्तू नुसत्या पाहणाऱ्यांपेक्षा कमी आठवल्या, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात दिसलं होतं. कोल्डप्लेचा गायक क्रिस मार्टिन तर एक गाणं मध्येच थांबवून सगळ्यांना मोबाईल खिशात ठेवायला सांगतो आणि मग ते पुन्हा सुरू करतो. बॉब डिलनच्या कार्यक्रमात मोबाईल कुलूपबंद पिशवीत ठेवावे लागतात.

पण तरुण चाहत्याच्या दृष्टीने तो तीस सेकंदांचा थरथरता व्हिडिओ म्हणजे कार्यक्रमाची नक्कल नसते, तिथे आपण होतो याची नोंद असते. त्यात आवाज फाटलेला असतो, कलाकार दिसत नाही, पण शेजारच्या मैत्रिणीचं ओरडणं ऐकू येतं. अधिकृत व्हिडिओत नेमकं तेच नसतं. आता ‘स्टोरी’साठी जाणारेही असतात आणि न जाता आल्याने चार दिवस फोन बाजूला ठेवणारेही असतात. मिरवण्याचा भाग यात नाही असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल.

कलाकाराला स्टेज का हवं?

एके काळी कलाकार कॅसेट किंवा सीडी खपावी म्हणून दौरे करायचे. आता गणित उलटं झालं आहे. एका स्ट्रीममागे मिळणारी रक्कम नगण्य असते. स्पॉटिफायने तर २०२४ पासून वर्षाला हजार वेळाही न वाजलेल्या गाण्याचे पैसे देणंच बंद केलं. गाणं ही एक प्रकारे जाहिरात झाली आणि विकायची वस्तू झाली संध्याकाळ. टेलर स्विफ्टचा ‘एराज टूर’ मार्च २०२३ ते डिसेंबर २०२४ या काळात १४९ कार्यक्रमांचा झाला आणि तिकिटांतून दोन अब्ज डॉलरहून अधिक रक्कम जमली.

मराठीतही हे दिसतं. ‘गुलाबी साडी’ किंवा क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ ही गाणी २०२४ मध्ये रील्समधून देशभर पसरली. पण रील म्हणजे गाण्याचा पंधरा-वीस सेकंदांचा तुकडा. ते वापरणाऱ्याला गायकाचं नाव माहीत असेलच असं नाही. अनोळखी लाखो लोकांपैकी काही हजार जण ‘आपले’ श्रोते आहेत की नाहीत, हे कलाकाराला कळतं ते माणसं तिकीट काढून समोर आल्यावरच.

फाटकाबाहेर कोण राहतं?

इथे या उत्साहाची दुसरी बाजू सुरू होते. ज्या गोष्टीची इतकी ओढ आहे, तिचा धंदा होणारच. कोल्डप्ले आणि दिलजीत दोसांझ यांच्या कार्यक्रमांच्या तिकिटांचा काळाबाजार आणि बनावट तिकिटं या प्रकरणी ऑक्टोबर २०२४ मध्ये ईडीने अनेक ठिकाणी छापे घातले. तिकिटांच्या काळ्याबाजाराविरोधातली जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली. कायदा करणं हे कायदेमंडळाचं काम आहे, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये स्विफ्टच्या तिकीटविक्रीत असाच गोंधळ झाला, तेव्हा प्रकरण थेट सिनेटच्या सुनावणीपर्यंत गेलं होतं.

काळाबाजार बाजूला ठेवला तरी साधा हिशोब उरतो. पहिल्या नोकरीत महिन्याला वीस-पंचवीस हजार मिळवणाऱ्या मुलाला सर्वांत स्वस्त तिकीट अडीच हजारांना, त्यात गावाहून येण्या-जाण्याचं भाडं आणि एक रात्र राहण्याचा खर्च. कॉलेजातल्या मुलाने तर हा विचारही करू नये.

पैशांपेक्षाही गंभीर प्रश्न जिवाचा आहे. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी कोचीच्या विद्यापीठात खुल्या रंगमंचावर विद्यार्थ्यांचा संगीताचा कार्यक्रम होता. बाहेर थांबलेली गर्दी पाऊस येताच एकदम आत घुसली. फाटकाच्या आत लगेच उतरत्या पायऱ्या होत्या. चौघांचा मृत्यू झाला, त्यांपैकी तिघं विद्यार्थी. अमेरिकेतल्या ह्यूस्टनला नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘ॲस्ट्रोवर्ल्ड’ महोत्सवात दहा जण गेले. सर्वांत लहान नऊ वर्षांचा, सर्वांत मोठा सत्तावीस वर्षांचा.

अशा घटनांना इंग्रजीत जो शब्द वापरतात त्यात बेभान पळण्याचा अर्थ आहे, म्हणजे दोष गर्दीच्या माथी. मराठीतला ‘चेंगराचेंगरी’ हा शब्द जास्त अचूक आहे. यात माणसं बहुतेक वेळा पायदळी येऊन मरत नाहीत, उभ्या उभ्या चेंगरतात. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहापेक्षा जास्त माणसं झाली की कुणालाच स्वतःच्या मनाने हलता येत नाही. गर्दी पाण्यासारखी लाटांनी सरकू लागते आणि दाबामुळे छाती फुलेनाशी होऊन श्वास कोंडतो. पुढे काय चाललंय हे मागच्यांना दिसत नाही, ते ढकलत राहतात. म्हणून किती फाटकं उघडी आहेत, मैदानाचे कठड्यांनी भाग पाडलेत का आणि कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार कुणाकडे आहे, या तीन गोष्टी ठरलेल्या असाव्या लागतात. त्या तरुणांच्या शिस्तीवर सोडता येत नाहीत.

छोटी स्टेजं कुठे गेली?

मुंबईतल्या धोबी तलावच्या रंगभवनचं नाव आजच्या विशीतल्या चाहत्यांनी ऐकलेलंही नसेल. १९७८ साली सुरू झालेली ‘जॅझ यात्रा’ या खुल्या रंगमंचावर व्हायची. ऐंशीच्या दशकापासून ‘इंडिपेंडन्स रॉक’मध्ये कॉलेजच्या पोरांचे बँड इथे वाजवायचे आणि कॉलेजची पोरंच ऐकायला यायची. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रुग्णालयं, शाळा-कॉलेजं आणि न्यायालयांभोवतीचं १०० मीटरचं क्षेत्र शांतता क्षेत्र ठरवलं. रंगभवनच्या आजूबाजूला हे सगळंच होतं. कार्यक्रम बंद झाले. शेजारी रुग्णालय असताना नियम चुकीचा होता असं कुणी म्हणणार नाही. पण त्याच्या बदल्यात तेवढ्याच आकाराची, लोकलने जाता येईल अशी खुली जागा शहराने उभी केली नाही, हेही तितकंच खरं.

त्यामुळे आज एका टोकाला स्टेडियम आणि महालक्ष्मी रेसकोर्सवर २०२३ पासून भरणारा ‘लोलापलूझा’सारखा महोत्सव, दुसऱ्या टोकाला उपनगरांतले मोजके क्लब, जिथे तिकिटाइतकाच खर्च खाण्यापिण्यावर होतो. मधली पायरी उरली आहे ती कॉलेजच्या महोत्सवांची. आयआयटी मुंबईचा ‘मूड इंडिगो’ १९७० च्या दशकापासून चालू आहे आणि आयुष्यातली पहिली कॉन्सर्ट तिथे ऐकलेल्यांच्या कितीतरी पिढ्या झाल्या.

पुण्यात ही मधली पायरी वेगळ्या संगीताने टिकवली आहे. भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात खुर्च्यांची महागडी तिकिटं आहेत, सोफे आहेत, पण त्याच मंडपात भारतीय बैठकही आहे. रात्री दहाच्या नियमानंतर पूर्वीसारखी रात्रभर मैफल चालत नाही, जागाही रमणबागेतून मुकुंदनगरला गेली. बैठकीचं तिकीट मात्र अजूनही सगळ्यांत स्वस्त असतं, आणि डिसेंबरच्या थंडीत शाल आणि डबा घेऊन दुपारपासून जागा धरणाऱ्यांत विशीतली पोरं-पोरीही असतात.